स्टेशन सरकारचे, शाळा गावाची

मराठी घरांत ‘बेदर’ हा शब्द प्रथम कानी पडतो तो दामाजीपंतांच्या कथेत. मंगळवेढ्याच्या दामाजीने दुष्काळात बादशाही कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली आणि विठ्ठलाने महाराचे रूप घेऊन त्या धान्याची रक्कम बेदरच्या दरबारात पोचती केली, ही कथा आम्ही आजीच्या मांडीवर ऐकली. ‘गुलबर्गा’ हा शब्द मात्र आम्हांस कथेतून नव्हे, तर आगगाडीच्या खिडकीतून भेटला. गाणगापूरला दत्तदर्शनास जावयाचे, हैदराबादेस आप्तांकडे जावयाचे किंवा मद्रासचा लांबचा पल्ला गाठावयाचा, तर सोलापूर मागे टाकल्यावर ती काळीभोर सपाट जमीन, तुरीची शेते आणि मधूनच उघड्या पडलेल्या दगडाच्या खाणी दिसू लागत. वडीलधारी माणसे म्हणत, “आता निजामाचा मुलूख लागला.” निजाम केव्हाच गेला होता, पण म्हणण्याची सवय गेली नव्हती.

त्या मुलखातील जुनी स्टेशने आणि पहिल्या शाळा जवळून पाहाव्यात, अशी फार दिवसांची इच्छा यंदा पुरी झाली. स्टेशन आणि शाळा ही जोडी वाचकांस प्रथमदर्शनी विजोड वाटेल. आम्हांसही वाटली होती. परंतु कलबुर्गीहून बीदर, बीदरहून भालकी आणि कमलनगर असा प्रवास करताना ध्यानी आले की, या सीमाभागात गेल्या दीडशे वर्षांत जे काही बदलले ते या दोनच दारांतून आत आले. स्टेशन सरकारने बांधले आणि शाळा गावाने. दोहोंचा हिशेब एकत्र मांडल्यावाचून इथल्या मराठी माणसाची कहाणी पुरी होत नाही.

प्रथम आगगाडीकडे वळू. १८५३ च्या एप्रिलात बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी धावली, हे सर्वांस ठाऊक आहे. त्याच ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीने पुणे, कुर्डुवाडी असे करीत १८६० मध्ये सोलापूर गाठले. पुढे सुमारे दहा वर्षे सोलापूर हेच या बाजूचे शेवटचे टोक होते. तेथून पुढे निजामाची हद्द. परंतु मुंबई आणि मद्रास या दोन इलाख्यांस रुळांनी जोडावयाचे तर त्या हद्दीतून जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. १८७१ मध्ये गुलबर्ग्यावरून रायचूरपर्यंत लोहमार्ग पुरा झाला, तेथे तो मद्रासकडून आलेल्या मार्गास मिळाला आणि गुलबर्गा एकाएकी मुंबई-मद्रास या महामार्गावरचे गाव बनले.

खरी मौज पुढेच आहे. हा मार्ग निजामाच्या राज्यातून जाई, पण निजामाच्या राजधानीस शिवत नसे. सिकंदराबादेत इंग्रजांची मोठी लष्करी छावणी होती. तेथवर फौज वेगाने नेता यावी ही इंग्रजांची निकड, तर राजधानी उर्वरित हिंदुस्थानास जोडली जावी ही दिवाण सर सालारजंग यांची इच्छा. अखेर गुलबर्ग्याच्या पुढे वाडी या ठिकाणाहून फाटा काढण्याचे ठरले. खर्च निजाम सरकारचा, रुंदी मात्र इंग्रजांच्या सोयीची, म्हणजे साडेपाच फुटांची. १८७४ च्या ऑक्टोबरात वाडी ते सिकंदराबाद हा सुमारे १९० किलोमीटरांचा मार्ग सुरू झाला. तेव्हापासून ‘वाडीला गाडी बदलणे’ हा आमच्या हैदराबादकर आप्तांच्या बोलण्यातला नेहमीचा विषय होऊन बसला. वाडीच्या फलाटावर रात्र काढली नाही असे जुने मराठी कुटुंब हैदराबादेत शोधूनच काढावे लागेल.

रुळांनी या मुलखास काय दिले? पहिली गोष्ट आमच्या वाचकांच्या पायाखालीच आहे. शहाबाद हे गुलबर्गा आणि वाडी यांच्या दरम्यानचे स्टेशन. तेथल्या खाणींतील थराथराने निघणारा गुळगुळीत चुनखडीचा दगड मालगाड्यांवर चढला आणि पुण्यामुंबईच्या चाळींत, वाड्यांत, स्वयंपाकघरांत जाऊन पसरला. ‘शहाबादी फरशी’ हा शब्द मराठीत इतका रुळला की, शहाबाद हे एका गावाचे नाव आहे याचाच आपणांस विसर पडला. दुसरी गोष्ट कापसाची. १८८० च्या दशकात गुलबर्ग्यात महबूबशाही कापड गिरणी उभी राहिली. तिसरी गोष्ट माणसांची. वकील, कारकून, व्यापारी, मास्तर आणि दत्तभक्त, सारे याच वाटेने आले. ट्रंकेत कपड्यांखाली पुण्याची वर्तमानपत्रे आणि मराठी पुस्तके घेऊन येणारी माणसेही याच वाटेने आली. गाडीस भाषेची अट नव्हती. शाळेस मात्र ती होती.

शाळेचा इतिहास या मुलखात रेल्वेहून चारशे वर्षांनी जुना आहे. बीदरच्या जुन्या शहरात महमूद गवानाचा मदरसा आजही उभा आहे. इराणातील गिलान प्रांतातून आलेला हा गृहस्थ बहमनी राज्याचा वजीर झाला आणि १४७२ च्या सुमारास त्याने हे तीन मजली विद्यापीठ बांधविले. दर्शनी भिंतीवर निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या चकाकत्या फरशांची नक्षी होती, आत ग्रंथालय होते, अध्यापकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या राहण्याची सोय होती. गवानाचा शेवट मात्र दुःखद झाला. खोट्या पत्राच्या आधारे त्याच्यावर फितुरीचा आळ आला आणि १४८१ मध्ये सुलतानाच्या हुकमाने त्याचा शिरच्छेद झाला. औरंगजेबाच्या अमदानीत, १६९६ मध्ये, झालेल्या स्फोटात इमारतीचा मोठा भाग कोसळला. उरलेल्या मनोऱ्यावरच्या निळ्या फरशा उन्हात अजून लकाकतात. त्यांच्याकडे पाहताना आमच्या मनात आले, विद्येचे एवढे मोठे घर बांधणारा माणूसही एका बनावट कागदापुढे हतबल ठरला. कागदाचे हे माहात्म्य पुढे याच प्रवासात आम्हांस निराळ्या रीतीने भेटावयाचे होते.

मदरसा झाला विद्वानांचा. सामान्यांची शाळा म्हणजे पंतोजीची. देवळाच्या ओवरीत किंवा देशमुख-देशपांड्यांच्या वाड्याच्या पडवीत ती भरे. धूळपाटीवर ‘ओनामासीधं’, मग पाढे, पावकी-निमकी आणि शेवटी मोडीचे वळण, एवढ्यावर मुलगा कुलकर्ण्याच्या दप्तरास जोगा होई. लिंगायत मठांच्या ओसरीवर कन्नड अक्षरे गिरविली जात. दोन्ही शाळांतील मुले सायंकाळी एकाच पारावर खेळत आणि दोन्ही भाषा बोलत. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात माणिकप्रभूंनी (१८१७–१८६५) मराठी, कन्नड आणि हिंदुस्थानी अशा भाषांत पदे रचली, तेव्हा कोणासही त्यात नवल वाटले नाही. या भागाची रीतच ती होती.

१८८० च्या दशकात निजामाच्या राज्यकारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली. उर्दू ही गोड भाषा आहे आणि या मुलखाने तिच्यावर प्रेमही केले आहे. परंतु जी भाषा कचेरीची तीच शिक्षणाचीही होऊ लागली. प्राथमिकच्या खालच्या वर्गांत काही ठिकाणी मातृभाषेस जागा असे, वर चढावे तसतशी ती जागा आकसत जाई. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दूच होते. हैदराबाद संस्थानच्या नोटेवर उर्दू आणि इंग्रजीबरोबर मराठी, कन्नड आणि तेलुगू अक्षरेही छापलेली असत. म्हणजे खिशातल्या नोटेवर मराठीस मान होता, पण त्याच खिशाच्या मालकाच्या मुलास वरच्या वर्गात मराठीतून भूगोल शिकता येत नव्हता.

शिक्षक आणि सरकार यांच्यातील संशयाचे नाते तर त्याही आधीचे. १८८३ मध्ये चांदा रेल्वेची योजना निघाली. संस्थानच्या तिजोरीवर परदेशी कंपनीचा भार पडणार, तेव्हा तिची माहिती लोकांसमोर मांडा, अशी मागणी करणाऱ्यांत हैदराबादेतील शिक्षणतज्ज्ञ अघोरनाथ चट्टोपाध्याय हे अग्रभागी होते. सरोजिनी नायडूंचे ते वडील. या ‘आगळिकी’बद्दल त्यांस राज्याबाहेर घालविण्यात आले. पुढे त्यांस परत बोलाविले, ही गोष्ट निराळी. रेल्वेबद्दल प्रश्न विचारला म्हणून मास्तर हद्दपार झाला, ही घटना त्या राजवटीतील शाळा चालविणाऱ्यांनी विसरू नये अशीच होती.

अशा वातावरणात १९०७ मध्ये गुलबर्ग्यात नूतन विद्यालय सुरू झाले. त्याच सुमारास हैदराबादेत केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्या पुढाकाराने विवेकवर्धिनी उभी राहिली. दोन्ही शाळा लोकांनी वर्गणी काढून, पदरमोड करून चालविल्या. आज शतक उलटून गेल्यावर या संस्थांचे वटवृक्ष झालेले दिसतात. परंतु आरंभीच्या दिवसांची कल्पना करून पाहावी. ग्रंथ आणावयाचे ते पुण्यामुंबईहून, मास्तर मिळवावयाचे ते बहुधा संस्थानाबाहेरून आणि वर्गणी गोळा करावयाची ती ज्यांच्या नोकऱ्या सरकारच्या मर्जीवर, अशांकडून. गुलबर्ग्यास स्टेशन नसते तर हे सारे किती दुर्घट झाले असते! सरकारने फौजेसाठी, मालासाठी आणि महसुलासाठी घातलेल्या रुळांवरून गावाने आपली शाळा आणली, असे म्हटल्यास ते फारसे चुकीचे होणार नाही.

पुढे १९२० च्या दशकात खाजगी शाळांस सरकारी परवानगीची सक्ती झाली आणि लहान गावांतील कित्येक शाळांच्या वाटेत काटे पसरले. तरीही हद्दीच्या गावांनी हार मानली नाही. हिप्परग्यास १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली होती. विजापूर जिल्ह्यातील सिंदगीच्या बाजूस १९०३ मध्ये जन्मलेले व्यंकटेश खेडगीकर, म्हणजेच पुढचे स्वामी रामानंद तीर्थ, तेथे मुख्याध्यापक झाले. त्यानंतर त्यांनी अंबाजोगाईस शिक्षकी केली आणि १९३८ मध्ये शाळा सोडून हैदराबादच्या मुक्तिलढ्याचे नेतृत्व पत्करले. कन्नड मुलखात जन्म, मराठी मुलखात शिक्षकी आणि १९५२ मध्ये गुलबर्ग्यातून लोकसभेवर निवड, हा त्यांचा क्रम पाहिला म्हणजे सीमेचा माणूस कशास म्हणतात ते कळते.

आता आम्ही बीदरच्या लोहमार्गाकडे येतो. विकाराबादहून बीदर, भालकी, कमलनगर, उदगीर असा परळीकडे जाणारा मार्ग १९३० च्या सुमारास, निजामाच्या राजवटीतच झाला. या मार्गावर भालकी आणि कमलनगर ही दोन लहान स्टेशने आहेत. कमलनगर हे चन्नबसव पट्टदेवरू यांचे जन्मगाव आणि भालकीचा हिरेमठ हे त्यांचे पीठ. १८८९ मध्ये जन्मलेल्या या स्वामींनी निजामी अमलात कन्नड शाळा चालविल्या. शाळेवर पाटी उर्दूत आणि आत शिकवणे कन्नडात, ही त्यांची युक्ती त्या भागात आजही आबालवृद्ध सांगतात. शतकाहून अधिक आयुष्य लाभून १९९९ मध्ये ते निवर्तले. त्याच मार्गावर पुढे उदगीर. आर्य समाजाचे भाई श्यामलाल यांचा १९३८ मध्ये बीदरच्या तुरुंगात मृत्यू झाला. त्यांच्या नावाचे विद्यालय उदगिरात आहे.

कन्नड शाळेची कथा मराठी मासिकात कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. दुःख एक होते आणि उपायही एकच होता. मातृभाषेतून शिकण्याचा हक्क मागणारे कन्नड आणि मराठी शेजारी एकाच गाडीने प्रवास करीत होते. १९५६ नंतर ते दोन बाजूंस बसले, एवढेच.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली. जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे पडले. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग म्हैसूर राज्यात, उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात आणि जहीराबादकडचा भाग आंध्रात गेला. आगगाडी पूर्वीच्याच रुळांवरून धावत राहिली, पण कमलनगर आणि उदगीर यांच्या दरम्यान ती आता राज्य ओलांडू लागली. मामाचे गाव एका राज्यात, शाळा दुसऱ्या राज्यात, अशी कित्येक कुटुंबांची गत झाली. त्या सीमेचा वाद आम्ही येथे उकरून काढीत नाही. तो न्यायालयात आहे. आमचा विषय त्या सीमेवर शिकणाऱ्या मुलांचा आहे.

गंमत अशी की, बीदर आणि गुलबर्गा हे शेजारी जिल्हे कित्येक दशके रुळांनी सरळ जोडलेलेच नव्हते. एकाहून दुसऱ्याकडे रेल्वेने जावयाचे तर विकाराबाद आणि वाडी असा मोठा वळसा घ्यावा लागे. गुलबर्ग्याचे नाव २०१४ मध्ये अधिकृतपणे कलबुर्गी झाले आणि २९ ऑक्टोबर २०१७ रोजी सुमारे ११० किलोमीटरांचा बीदर-कलबुर्गी मार्ग पुरा होऊन खुला झाला. आम्ही त्याच मार्गाने गेलो. कमलापूरची तांबडी केळी मांडीवर घेऊन, हुमनाबाद मागे टाकून बीदरच्या लाल मातीत शिरलो. काळ्या मातीचा प्रदेश सोडून तांबड्या पठारावर चढणारी ती गाडी पाहून पहिल्या गाडीची गंमत आम्हांस पुन्हा अनुभवता आली.

भालकीस आम्ही एका निवृत्त गुरुजींच्या घरी उतरलो. वय नव्वदीच्या पुढचे, दृष्टी मंद, परंतु आवाज वर्गातलाच. बोलता बोलता त्यांनी सुनेस सांगून कपाटातली पत्र्याची पेटी आणविली. पेटीत एक पिवळा पडलेला, घड्यांवर विरलेला कागद होता. तो त्यांच्या पहिल्या शाळेचा दाखला. मजकूर उर्दूत, तारीख ‘अमरदाद १३४८ फसली’. घरात मुलगा, सून, नातवंडे असा भरला परिवार. मुलाचे शिक्षण मराठीत, नातवाचे कन्नडात, पणतीचे इंग्रजीत. त्या कागदावरचे एक अक्षरही घरात दुसऱ्या कोणास वाचता येत नव्हते. गुरुजींनी भिंग धरून तो आम्हांस वाचून दाखविला. आपले नाव, वडिलांचे नाव, गाव, जात, दाखल झाल्याची तारीख. मग कागद घडी घालीत म्हणाले, “आयुष्यभर मराठीचा वर्ग घेतला, अहवाल कन्नडात लिहिले, आणि माझ्या स्वतःच्या दाखल्याला दुभाष्या मीच. माझ्यामागं हा कोण वाचणार?”

आम्ही निरुत्तर झालो. तशीच अवस्था आमच्या कित्येक वाचकांच्या घरीही असेल. बडोदे, इंदूर, तंजावर, हैदराबाद, कोठेही असा, पेटीच्या तळाशी मोडीतली, फारसीतली, उर्दूतली किंवा आता न वाचता येणाऱ्या आणखी कोणत्या लिपीतली कागदपत्रे असतातच. त्यांचे मोल केवळ आठवणींपुरते नाही. २०२३ पासून मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा निजामकालीन महसुली कागदांबरोबर शाळांची जुनी प्रवेश-रजिस्टरेही धुंडाळली गेली आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्यांस एकाएकी मागणी आली. शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या मास्तराने बोरूने लिहिलेली एक ओळ आज एखाद्या कुटुंबाचे भवितव्य ठरवू शकते. गवानाचा घात करणारा कागद आणि नातवास हक्क मिळवून देणारा कागद, दोन्ही याच मुलखातले.

म्हणून वाचकांस आमची थोडी व्यावहारिक विनंती आहे. जुना दाखला असल्यास त्याची घडी उलगडून सपाट ठेवा, छायाचित्र घ्या आणि तो वाचू शकणारे माणूस हयात आहे तोवर त्याचा मराठी अर्थ, वाचणाऱ्याच्या नावासह, शेजारी लिहून ठेवा. हैदराबाद संस्थानच्या फसली सनाचे गणित सोपे आहे. वर्ष ऑक्टोबरात, आजूर महिन्यापासून, सुरू होई. वर्षारंभीच्या, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबरच्या तारखेस फसली सनात ५९० मिळवावे, त्यानंतरच्या महिन्यांस ५९१. गुरुजींचा अमरदाद हा वर्षाच्या उत्तरार्धातला महिना, म्हणून १३४८ मध्ये ५९१ मिळवून १९३९ साल येते आणि महिना जूनच्या सुमाराचा.

औराद, भालकी, बसवकल्याण या तालुक्यांत मराठी माध्यमाच्या शाळा आजही आहेत. त्या टिकाव्यात असे वाटत असेल, तर त्यांच्याविषयी नुसता उमाळा आणून भागणार नाही. तेथे शिकणाऱ्या मुलांस उत्तम कन्नडही यावे आणि मराठी पुस्तकेही मिळावीत, ही दोन्ही कामे करावी लागतील. पुस्तके पाठविणे तरी आपणांपैकी अनेकांच्या हाती आहे. गुलबर्ग्याच्या पहिल्या शाळेची पुस्तकेही एके काळी अशीच, कोणीतरी कोठून तरी पाठविली तेव्हाच गाडीतून उतरली असणार.

निघण्याच्या दिवशी गुरुजींचा नातू आम्हांस स्टेशनवर पोचवावयास आला. फलाटावरच्या पिवळ्या पाटीवर गावाचे नाव कन्नड, हिंदी आणि इंग्रजीत होते. हिंदीच्या निमित्ताने का होईना, देवनागरी अक्षरे डोळ्यांस भेटली. गाडीस थोडा उशीर होता. नातू म्हणाला, “आजोबांनी काल रात्री वही मागितली. दाखल्याचा अर्थ मला सांगून लिहून घेतला. खाली सही त्यांनी केली, तारीख मी घातली.” तेवढ्यात उदगीरच्या बाजूने गाडीची शिट्टी ऐकू आली.